गच्चीवरून चंद्राचे आणि ताऱ्यांचे फोटो: आधी तिथी बघा, मग कॅमेरा

कोजागिरीच्या रात्री व्हॉट्सॲपवर चंद्राचे जे फोटो फिरतात त्यातले निम्मे म्हणजे काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका असतात आणि उरलेल्यांत चंद्र कुठला आणि रस्त्यावरचा दिवा कुठला ते कळत नाही. मग लोक म्हणतात की फोनच भिकार आहे, लेन्स पाहिजे, टेलिस्कोप पाहिजे. फोनचा थोडा दोष असतो, नाही म्हणत नाही, पण खरा घोळ वेगळाच आहे. रात्र आहे म्हणून कॅमेरा भसाभस उजेड आत घेत राहतो आणि चंद्र तर उन्हात उभा आहे, म्हणजे तिकडे भर दुपार चालू आहे, त्यामुळे चंद्र जळून पांढराफटक होतो. आणि दुसरं म्हणजे मुहूर्तच चुकलेला असतो. पौर्णिमा मसाला दुधासाठी उत्तम आहे, फोटोसाठी साधारण सगळ्यात वाईट.

कारण सोपं आहे. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ समोरून पडतो, मग डोंगरांची विवरांची सावलीच आपल्याला दिसत नाही आणि सावली नाही म्हणजे उंच-सखल काही कळत नाही, सगळं सपाट. अष्टमीला ऊन बाजूने येतं. उजेड आणि अंधार यांच्यामधली जी हद्द असते, जिला सगळे टर्मिनेटर म्हणतात, तिथे चंद्रावर नुकती पहाट होत असते आणि छोट्या टेकडीचीसुद्धा लांबच लांब सावली पडते. फोटोत मजा आहे ती त्या पट्ट्यात.

म्हणून माझं म्हणणं असं की घरातून चंद्राचे फोटो काढायचे असतील तर पहिली वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. परदेशी ॲप्स मून एज (अमावस्येपासून किती दिवस झाले) आणि कोलाँगिट्यूड (चंद्रावर पहाट कुठल्या रेखांशावर आहे) वगैरे दाखवतात, आपल्याकडे तेच काम तिथी करते. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी झाली, आणि टर्मिनेटरसुद्धा चंद्रावर तेवढाच, बारा अंश, पुढे सरकतो. म्हणजे तिथी सांगितली की चंद्रावर आज कुठे पहाट आहे ते सांगता येतं. फक्त एक लक्षात ठेवा, कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते, ती दुपारीच संपत असेल तर संध्याकाळी पुढची लागलेली असते, त्यामुळे बारीक अक्षरातली समाप्तीची वेळ बघायची सवय लावा.

कुठल्या तिथीला काय मिळेल

शुक्ल बीज आणि तीज. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला पातळ कोर, आपल्याकडून ती बऱ्याचदा होडीसारखी आडवी दिसते. कोरीचा फोटो सगळे काढतात पण खरी गंमत उरलेल्या काळ्या भागाची आहे, तो पूर्ण काळा नसतो, पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड त्याच्यावर पडलेला असतो आणि मंद राखाडी दिसतो. एका फोटोत तो हवा असेल तर कोर जाळावी लागते, त्याला इलाज नाही. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ८००, एफ (लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तसं भोक लहान) ५.६, आणि शटर अर्धा ते एक सेकंद उघडं, इथून सुरुवात करा. झूम फार करू नका कारण ३०० एमएमवर (ही लेन्सची फोकल लेंथ, आकडा मोठा तसा झूम जास्त) एका सेकंदात चंद्र पाच-सहा पिक्सेल सरकतो आणि सगळं लिबलिबीत येतं, १०० ते १५० एमएमवर ठेवा आणि खाली एखादं नारळाचं झाड किंवा समोरच्या बिल्डिंगची कड येऊ द्या.

षष्ठीला थिओफिलस. साधारण शंभर किलोमीटरचं विवर आहे, मधोमध डोंगर, आणि त्याला चिकटून सिरिलस आणि कॅथरिना अशी तिघांची रांग. साध्या २५० एमएम लेन्समध्येसुद्धा तीन खड्डे वेगळे कळतात.

अष्टमी म्हणजे सण. टॉलेमियस, अल्फोन्सस, आर्झाकेल ही एकाखाली एक तीन मोठी विवरं बरोबर मध्यावर, वरच्या बाजूला अपेनाइन पर्वतरांग, जिची शिखरं पाच किलोमीटरपर्यंत उंच आहेत आणि ती अंधारात टोकं काढून चमकत असतात, पायथा अजून काळोखात आणि माथ्यावर ऊन. आणि नशीब असेल तर टर्मिनेटरच्या दक्षिण भागात अंधारात एक स्पष्ट इंग्रजी एक्स दिसतो. ती कुठली खूण नाही, तीन विवरांच्या कडांवर ऊन पडून तो आकार तयार होतो आणि काही तासच टिकतो, म्हणून भारतातून दर महिन्याला दिसत नाही, कधी तो आपल्या दिवसा येऊन जातो.

नवमीला क्लॅव्हियस बघा, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचं अवाढव्य विवर, आतमध्ये लहान लहान विवरांची वळत जाणारी माळ, मोठ्याकडून लहानाकडे. त्याच दिवशी स्ट्रेट वॉल म्हणून एक शंभरेक किलोमीटरची सरळ काळी रेघ दिसते, ती जमिनीतली भेग सरकून झालेला कडा आहे. त्यासाठी टेलिस्कोप लागतो. दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर, पायऱ्या पायऱ्यांच्या भिंती. दशमी-एकादशीला सायनस इरिडम, अर्धगोल आखातासारखा भाग, त्याच्या कडेचे डोंगर आधी उजळतात आणि आतला भाग अंधारात असतो, अंधारात सोन्याची कडी लोंबकळावी तसं दिसतं. त्यानंतर द्वादशीला अरिस्टार्कस, चंद्रावरचा सगळ्यात झगझगीत ठिपका, तिथे एक्स्पोजर कमी करा.

पौर्णिमा अगदीच टाकाऊ नाही. टायको विवरातून फुटलेले पांढरे पट्टे पौर्णिमेलाच नीट दिसतात. आणि फोटोचं सॅच्युरेशन थोडं थोडं करत वाढवलं तर चंद्राचे खरे रंग निघतात, सी ऑफ ट्रँक्विलिटी, जिथे १९६९ साली अपोलो ११ उतरलं, तो भाग निळसर येतो कारण तिथल्या खडकात टायटेनियम जास्त आहे, शेजारचा तपकिरी येतो. एकदम स्लायडर ओढू नका, चार-पाच वेळा थोडा थोडा ओढा.

आणि संकष्टी. महाराष्ट्रात चंद्रोदयाची मिनिटासकट वेळ घराघरात माहीत असणारा हा एकच दिवस, तो वाया का घालवा. उगवताना चंद्र वरच्या बाजूने खरवडल्यासारखा असतो, कारण जो भाग अंधारात चाललाय तोच आधी क्षितिजावर येतो. केशरी चंद्र आणि समोर देवळाचा कळस, असा फोटो संकष्टीलाच. पण विवरांचा बारकावा हवा असेल तर उपास सोडा, जेवा, आणि रात्री बारानंतर परत वर या, तोपर्यंत तो बऱ्यापैकी उंच आलेला असतो.

घराची दिशा

गच्ची मिळाली तर प्रश्नच नाही, पण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला अशी परिस्थिती बऱ्याच सोसायट्यांत असते, त्यामुळे गॅलरीतून काय होईल ते आधी समजून घ्या. पश्चिमेची गॅलरी असेल तर शुक्ल पक्षातल्या पहिल्या पाच-सहा तिथी संध्याकाळी आरामात. पूर्वेची असेल तर पौर्णिमेचा आणि संकष्टीचा उदय. दक्षिणेची असेल तर भाद्रपद-आश्विनातली अष्टमी, कारण तेव्हा अर्धा चंद्र दक्षिणेकडे खाली असतो. उत्तरेची असेल तर चंद्र जवळजवळ विसराच, पण ध्रुवाभोवतीचे ताऱ्यांचे फेरे तिथूनच काढता येतात, ते पुढे सांगतो.

चंद्र कुठल्या महिन्यात किती उंच असतो हे फार कमी लोक बघतात आणि फोटोच्या दर्जाला सगळ्यात जास्त फरक याचाच पडतो. फाल्गुन-चैत्रातली शुक्ल अष्टमी संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असते. मार्गशीर्ष-पौषातली पौर्णिमा मध्यरात्री डोक्यावर. चंद्र डोक्यावर असला की मधली हवा कमी, खाली असला की हवेचा जाड थर आरपार बघावा लागतो. म्हणजे वर्षातली सगळ्यात चांगली अष्टमी होळीच्या आसपास येते, आकाशही मोकळं असतं, ती चुकवू नका. त्रास एवढाच की कॅमेरा सरळ वर करून स्क्रीन बघताना मान मोडते, वळणारी स्क्रीन नसेल तर मोबाईल कॅमेऱ्याला वायफायने जोडून खाली चटईवर बसून काम करा.

खिडकीच्या काचेतून काढू नका, काच उघडा. एसी चालू असलेल्या खोलीच्या खिडकीतून पण नको, आतली थंड हवा आणि बाहेरची गरम हवा तिथेच एकमेकांत मिसळते.

सेटिंग

एक जुना नियम आहे, एफ ११ ठेवा आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ, म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१००. पौर्णिमेला तो चालतो. एफ ८ केलं तर १/२००. अष्टमीला ऊन तिरपं असतं म्हणून चंद्राचा पृष्ठभाग बराच मंद असतो, तिथे आयएसओ २०० आणि एफ ८ ला १/१२५ च्या आसपास या. नुसती उजळ कोर हवी असेल तर आयएसओ ४०० आणि १/६०. हे आकडे पाठ करून उपयोग नाही, धुरळा असेल, चंद्र खाली असेल तर बदलतात. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला धडकत नाही ना एवढं बघा आणि फोटो जेपेगऐवजी रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. स्क्रीनवर किंचित काळपट वाटला तरी चालेल, काळपट उजळता येतो, जळलेला परत आणता येत नाही.

फोन असेल तर नाइट मोड बंद. प्रो मोडमध्ये आयएसओ ५० किंवा १००, शटर १/१०० ते १/२५०, आणि टेली लेन्स असेल तर तीच. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, लॉक झालं की उजेडाचं स्लायडर खाली ओढा. काही फोनमध्ये चंद्र ओळखला की सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने विवरं घालतं, फोटो झकास दिसतो, पण तुम्ही काढलेला नसतो. चेक करायचा असेल तर मुद्दाम थोडा आउट ऑफ फोकस काढून बघा, तरीही विवरं कोरल्यासारखी आली तर समजून घ्या.

लेन्स किती पाहिजे हा प्रश्न हमखास येतो. सेन्सरवर चंद्राची जी प्रतिमा पडते ती साधारण फोकल लेंथला ११० ने भागलं की मिलिमीटरमध्ये मिळते. २५० एमएमची लेन्स म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा चंद्र, नेहमीच्या २४ मेगापिक्सेल क्रॉप बॉडीवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) ते सहाशे पिक्सेल होतात. सहाशे पिक्सेलमध्ये वर सांगितलेली बरीचशी मोठी विवरं येतात. म्हणून सेकंडहँड डीएसएलआर आणि किटमध्ये मिळणारी ५५-२५० किंवा ७०-३०० एवढ्यावर वर्षभर मजेत जातं. त्यावर पैसे घालायचेच असतील तर आधी तिपाईवर घाला.

टेलिस्कोपच्या खोक्यावर ५२५ पट वगैरे लिहिलेलं असतं, ते सोडून द्या. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याच्या दुप्पट, त्याच्यापुढे काही उपयोगाचं वाढत नाही, म्हणजे ७० एमएमच्या दुर्बिणीला १४० पट हे टोक. तिच्यात २५ एमएमचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावून मागे फोन अडकवायचा अडॅप्टर लावला तर चंद्र अख्खा बसतो आणि फोटो त्या तीनशे एमएमच्या लेन्सपेक्षा चांगला येतो. अडॅप्टर घ्या, हाताने फोन धरून आयपीसचं भोक शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

फोकस आणि हलणं

ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर थेट चित्र) चालू करा, दहा पट झूम करा, आणि टर्मिनेटरवर या, चंद्राच्या गोल कडेवर नको. आता फोकसची रिंग अगदी हळू फिरवा. विवरांची कड आधी पसरट दिसेल, मग आवळत जाईल, मग एका जागी एकदम काळी-पांढरी टोकदार होईल, आणि पुढे परत पसरेल. त्या पुढच्या पसरण्यापर्यंत जाऊन मग मागे यायचं, म्हणजे कळतं की टोक कुठे होतं. स्क्रीनवर सगळं उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखं थरथरत असतं, ती हवा आहे, तुमचा फोकस नाही, अर्धा सेकंद हवा थांबते तेव्हाच ठरवायचं. बसला की रिंगवर चिकटपट्टी लावून टाका, वर करताना झूम लेन्स स्वतःच्या वजनाने घसरते.

तिपाईची मधली दांडी वर काढू नका, पाय शक्यतो आखूड ठेवा, हुकाला पिशवी लटकवा पण ती वाऱ्याने झुलणार नाही एवढी जमिनीला टेकू द्या. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तिपाईवर बंद. दोन सेकंदांचा टायमर, पाच असेल तर अजून बरं. शेजारी कोणी फिरायला आलं असेल तर त्याला सांगा काका दोन मिनिटं थांबा, गच्चीचा स्लॅब चालण्याने हलतो आणि ३०० एमएमवर ते दिसतं.

हवेचं काय करायचं

दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो आणि ती उष्णता तुमच्या लेन्ससमोरूनच वर जाते. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी मारून ठेवलं तर फरक पडतो. कॅमेरा अर्धा तास आधी बाहेर ठेवा. समोरच्या बिल्डिंगचे एसीचे डबे आणि पत्र्याची छपरं यांच्यावरून चंद्र जात असेल तर तो तिथून सरकेपर्यंत वाट बघा. तारे फार लुकलुकत असतील तर ती रात्र बारकाव्यांसाठी वाईट, कितीही स्वच्छ वाटू दे. उलट मुंबईत किनाऱ्याला थोडी धुरकट दमट रात्र असते आणि वारा पडलेला असतो, तारे कमी दिसतात पण चंद्र शांत असतो, अशा रात्री आकाश खराब म्हणून घरात बसू नका.

व्हिडिओतून फोटो

हवा सतत हलत असते आणि मधूनच क्षणभर थांबते, तो क्षण एका फोटोत पकडणं नशिबाचं काम आहे. म्हणून एक फोटो काढायच्या ऐवजी एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यात दोनेक हजार फ्रेम मिळतात, त्यातल्या चांगल्या निवडून एकावर एक रचायच्या. सॉफ्टवेअर सगळं फुकट आहे. कॅमेऱ्याचा किंवा फोनचा व्हिडिओ पिप (PIPP) मध्ये टाकून एव्हीआय फाइल करा, तो ऑटोस्टॅकर्टमध्ये उघडा, अख्खा चंद्र फ्रेममध्ये असेल तर प्लॅनेट आणि काठ फ्रेमबाहेर गेले असतील तर सरफेस निवडा, ॲनलाइझ दाबा. ते प्रत्येक फ्रेमला मार्क देतं आणि आलेख काढतं, आलेख जिथे घसरायला लागतो तिथपर्यंतच्या फ्रेम घ्या, साधारण वरच्या दहा ते पंचवीस टक्के. जी फाइल निघते ती बघून निराश व्हाल, एकदम मऊ धुरकट असते. तिला रजिस्टॅक्समध्ये टाकून वेव्हलेटची (बारकावे उठावदार करणारी सोय) पहिली-दुसरी स्लायडर वाढवली की विवरं वर येतात. आणि इथेच सगळे वाहवतात. चंद्राच्या गोल कडेला पांढरी रेघ दिसायला लागली किंवा विवरांना दुहेरी कडा आल्या की जास्त झालं, मागे या. सोशल मीडियावर निम्मे चंद्र असे खरडलेले असतात आणि त्यांनाच लाइक मिळतात, त्याला आपण काय करणार.

हे तंत्र कुठवर जातं ते बघायचं असेल तर २०२१ साली पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने घरून पन्नास हजारांहून जास्त फ्रेम घेऊन केलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला होता, डेटा १८६ जीबी झाला होता. एवढं करायची गरज नाही, पण पुण्यातल्या घरातून तसं होतं हे लक्षात ठेवा.

चंद्रग्रहणाला सगळं बदलतं, खग्रास झाल्यावर चंद्र हजारो पटींनी मंद होतो, मग आयएसओ ८०० ते १६०० आणि एक-दोन सेकंद लागतात. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडून खग्रास ग्रहण आहे, लोक पार्टीत असतील, गच्ची मोकळी मिळेल. आणि सूर्याकडे कॅमेरा, दुर्बीण काहीही फिल्टरशिवाय वळवायचं नाही, मुलं आसपास असतील तर दिवसा दुर्बीण झाकून ठेवा.

चंद्र नसेल तेव्हा तारे

अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे पाच-सहा दिवस. इथे उलटा कारभार, उजेड जितका मिळेल तितका घ्यायचा, पण तारे सरकतात म्हणून शटर अमर्याद उघडं ठेवता येत नाही. फिल्मच्या काळात ५०० भागिले फोकल लेंथ असा हिशेब होता, आताच्या बारीक पिक्सेलना तो पुरत नाही, ३०० धरा आणि क्रॉप बॉडी असेल तर फोकल लेंथला दीडने गुणा. १८ एमएमला अकरा सेकंद, ५० एमएमला चार. फोनच्या मुख्य लेन्सला दहा-बारा.

शहरात मात्र दहा सेकंदांतच आकाश नारिंगी होतं. त्यावर उपाय म्हणजे छोटे छोटे पुष्कळ फोटो काढून रचणं. थंडीत मृग नक्षत्र यासाठी सगळ्यात चांगलं. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक छोटी रांग आहे, तिच्यातला मधला तारा नीट बघितला तर धुरकट दिसतो. तो तारा नाहीच, एम ४२ तेजोमेघ आहे, साधारण १३५० प्रकाशवर्षं लांब, तिथे नवे तारे जन्मतायत. ५० एमएम एफ १.८ ची स्वस्तातली लेन्स एफ २.८ ला, आयएसओ १६००, तीन सेकंद, आणि असे दोनशे फोटो. दर वीसेक फोटोंनी मृग फ्रेममध्ये परत मध्यावर आणा. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगला वीस फोटो काढा, ते सेन्सरचे गरम ठिपके वजा करायला लागतात. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये रचा. भर ठाण्यातून किंवा पिंपरीतून गुलाबी-जांभळा तेजोमेघ निघतो. त्याच लेन्सवर कृत्तिका पण होतात, त्याला अर्धा तास पुरे.

आकाशगंगेचा पट्टा मात्र शहरातून निघणार नाही, उगीच रात्र घालवू नका. त्यासाठी मार्च ते मेमध्ये गावाकडचं घर गाठा, पहाटे वृश्चिक वर आला की त्याच्या शेपटीजवळ. विदर्भात असाल तर पेंच आहेच, २०२४ च्या जानेवारीत तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. मुंबईकडची मंडळी खगोल मंडळाच्या वांगणीच्या कार्यक्रमांना जातात, पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, अशा ठिकाणी जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीतून आधी बघा आणि मग खरेदी करा.

उत्तरेची गॅलरीवाले, तुमची पाळी. आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो, जितका अक्षांश तितकीच उंची, म्हणजे पुण्यातून साडेअठरा अंश, नागपुरातून एकवीस. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आतबाहेर ध्रुव. समोर सात मजली इमारत असेल तर तो तिच्या मागेच असणार. दिसत असेल तर वाइड लेन्स, वीस सेकंदांचे फोटो, मध्ये एक सेकंदाची फट, आणि दीड-दोन तास सलग, इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं साधन) लावून. तासाला पंधरा अंशांचे कंस मिळतात. स्टारस्टॅक्समध्ये टाकले की फेरे तयार. विमानांच्या रेघा ज्या फोटोत असतील तिथे त्या पुसून घ्या, पूर्ण फोटो काढून टाकला तर फेऱ्यात खंड पडतो.

पाचशे रुपयांचा ट्रॅकर

तारे सरकतात त्याच वेगाने कॅमेरा फिरवला तर दोन-दोन मिनिटांचं एक्स्पोजर घेता येतं. विकतचे ट्रॅकर महाग आहेत, सुताराकडून दोन फळ्या आणि बिजागरी घेऊन होतं. दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडा, खालच्या फळीला बिजागरीच्या खिळीच्या मध्यापासून बरोबर २२८.५ मिलिमीटरवर भोक पाडून एम ६ चा (सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा) नट ठोकून बसवा आणि त्यातून लांब एम ६ बोल्ट असा घाला की तो फिरवला की वरची फळी उचलली जाईल. एम ६ बोल्टच्या आट्यांत एक मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे मिनिटाला एक फेरा दिला की फळी बरोबर आकाशाच्या वेगाने उघडते. बोल्टच्या डोक्याला झाकण चिकटवून त्यावर चार खुणा करा आणि घड्याळ बघत दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा. वरच्या फळीवर बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून घट्ट करता येतो ते तिपाईचं डोकं), त्यावर कॅमेरा. वर लेन्स ५० एमएमपर्यंतच ठेवा.

बिजागरीची खिळी ध्रुवाकडे रोखली पाहिजे, तिथे चुकलं तर सगळं फुकट. जाड स्ट्रॉ खिळीला समांतर चिकटवून त्यातून ध्रुव बघा. ध्रुव दिसत नसेल तर फोनच्या लेव्हलने अक्षांशाएवढा कोन लावा आणि होकायंत्राने उत्तर घ्या, महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही. फक्त स्लॅबमधल्या सळ्या आणि टाकीचा लोखंडी स्टँड सुई फिरवतात, त्यामुळे कंबरेच्या उंचीवर धरून दोन-तीन जागी बघा, आकडे जुळले तर खरे.

दव आणि बुरशी

डिसेंबर-जानेवारीत रात्री एकनंतर लेन्सवर दव धरतं, फोटो हळूहळू धूसर होत जातात आणि कळत नाही. कापडाने पुसायचं नाही, हेअर ड्रायर कमी उष्णतेवर लांबून फिरवा, नाहीतर लेन्सभोवती मोजा आणि त्यात गरम होणारं हँड वॉर्मरचं पाकीट. आत आणताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करा आणि सकाळपर्यंत उघडू नका.

आणि जून ते सप्टेंबर दुकान बंद. कोकणात आणि मुंबईत या चार महिन्यांत लेन्सला बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि ती एकदा काचेत बसली की काढायला लेन्स उघडावी लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दीडशेचा आर्द्रता दाखवणारा काटा, ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर भाजून परत निळे करा, ती कढई मात्र परत स्वयंपाकात वापरू नका. लेदरच्या केसमध्ये लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं. दर पंधरा दिवसांनी लेन्स काढून अर्धा तास टेबलावर उजेडात ठेवा, झूम दोन-चार वेळा पुढेमागे करा आणि परत डब्यात टाका.